नवऱ्याचं करायचे पैसे कसले मागायचे?

पत्र (ओळख पटेल असे तपशील बदलून, थोडक्यात)

मी पंचेचाळिशीची, मूळची सांगलीकडची. पश्चिम लंडनमध्ये भाड्याच्या घरात राहतो, मुलगी चौदा वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी मिस्टरांना स्ट्रोक आला. उजवी बाजू अधू झाली आणि दमले की बोलणं अडखळतं. आयटीतली नोकरी गेली. हॉस्पिटलमधल्या सोशल वर्करने पिपचा, म्हणजे अपंगत्व किंवा दीर्घ आजारासाठीच्या सरकारी भत्त्याचा, अर्ज भरून दिला, ते पैसे चालू आहेत. शिल्लक संपत आली तसा चार महिन्यांपूर्वी युनिव्हर्सल क्रेडिटचा (कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी सरकारी मदत) अर्ज केला. आता जॉबसेंटरने (सरकारी रोजगार कार्यालयाने) दोघांनाही मुलाखतीला बोलावलंय. मला आठवड्याला ३५ तास नोकरी शोधायला सांगितलंय, नाही आलात तर पैसे कापू असंही लिहिलंय. शाळेतली मदतनिसाची नोकरी मी यांच्यासाठीच सोडली होती. परवा शाळेतून फोन आला, आठवड्यातून दोन दिवस याल का म्हणून. ‘सध्या नको’ म्हटलं, कारण कमाई दिसली की सगळंच बंद करतील. मंडळातली एक जण म्हणाली, केअरर (घरी आजाऱ्याची देखभाल करणारी) म्हणून नोंद कर. पण नवऱ्याचं करायचे पैसे कसले मागायचे? मिस्टरांना एक जाडजूड फॉर्म आलाय, तो त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकलाय. फॉर्म, कागदपत्रं, ऑनलाइन सगळं मुलगीच बघते. मुलाखतीत यांची तब्येत आहे त्याहून वाईट सांगू का? आमच्या आय.एल.आर.ला (इथे कायम राहण्याच्या परवानगीला) धोका नाही ना? सासूबाई सांगलीच्या फ्लॅटमध्ये एकट्या असतात. सगळं आवरून परत जावं असंही मनात येतं.

उत्तर

प्रिय ताई,

आधी तो ड्रॉवर उघडा. तुमचं मूळ पत्र मोठं आहे. त्यात मुलाखतीबद्दल पानभर आहे आणि फॉर्मबद्दल एकच ओळ. निकड मात्र नेमकी उलटी आहे. वर्णनावरून तो यूसी-५० असणार, म्हणजे आजारपणामुळे माणसाच्या काम करण्याच्या क्षमतेवर काय परिणाम झालाय ते विचारणारा फॉर्म. तो भरून परत पाठवायला साधारण चार आठवडे देतात. सबळ कारण नसताना पाठवला नाही, तर माणूस काम करायला समर्थ आहे असं धरून ते पुढे चालतात. आणि मग तुम्हाला ज्याची भीती वाटते, तेच होतं. मुदत उलटून गेली असली तरी आज फोन करा, उशिराचं कारण सांगा आणि तेच ऑनलाइन जर्नलमध्येही (युनिव्हर्सल क्रेडिटच्या तुमच्या खात्यातली निरोपांची वही) लिहून ठेवा. स्ट्रोकनंतर लिहिताना हात चालत नाही, थकवा येतो, हे कारण सबळच आहे.

आता मुलाखतीकडे वळू. तुमच्या पत्रात, आणि खरं तर माझ्याकडे येणाऱ्या अशा बहुतेक पत्रांत, तीन निरनिराळ्या गोष्टींची एकच भीती झालेली असते. पहिली पिपची तपासणी. रोजचं जगणं आणि हिंडणं-फिरणं किती अवघड आहे, एवढंच ती बघते. पिपला नोकरीशी काही देणंघेणं नाही, ते नोकरी करणाऱ्यालाही मिळतं. दुसरी काम करण्याच्या क्षमतेची तपासणी, जिची सुरुवात त्या ड्रॉवरमधल्या फॉर्मने होते. तिसरी म्हणजे जॉबसेंटरमधल्या वर्क कोचची भेट, जिचं बोलावणं तुम्हाला आलंय. वर्क कोच डॉक्टर नसतो. मिस्टर काम करू शकतात की नाही, याचा निकाल त्याच्या टेबलावर होत नाही. आणि अर्ज केलेल्या जवळपास प्रत्येकाला सुरुवातीला अशी भेट घ्यावीच लागते. तिथे तुम्ही काय-काय कराल याचा एक करारनामा होतो, त्याला क्लेमंट कमिटमेंट म्हणतात. बोलावणं आलं म्हणून कुणी तुमच्यावर संशय घेतलाय असं समजू नका.

दुसऱ्या तपासणीचे निकाल तीन प्रकारचे असतात. समर्थ ठरला तर नोकरी शोधा. ‘सध्या क्षमता मर्यादित’ ठरला तर नोकरी शोधायची सक्ती नाही, पण वर्क कोचला भेटणं आणि हळूहळू कामाची तयारी करणं अपेक्षित असतं. आणि मर्यादा त्याहून जास्त ठरली तर कसलीच अट नाही, शिवाय जास्तीची रक्कम मिळते. निकाल लागेपर्यंतचा काळ हा मधला, अधांतरी काळ असतो. जीपीची (फॅमिली डॉक्टरची) फिट नोट, म्हणजे आजारपणाचा दाखला, सलग देत राहा, खंड पडू देऊ नका. आणि या काळात अटी सैल करायचा अधिकार वर्क कोचला असतो, म्हणून तसं स्पष्ट मागा. आपली माणसं मागत नाहीत. समोरच्याला दिसतंय की, असं म्हणून गप्प बसतात.

मग तुम्हाला ३५ तास नोकरी शोधायला का सांगितलं? कारण त्यांच्या नोंदीत तुम्ही घरी बसलेली, धडधाकट, मुलगी मोठी झालेली बाई आहात. तुम्ही मिस्टरांचं सगळं करता हे तुम्ही त्यांना सांगितलेलंच नाही. युनिव्हर्सल क्रेडिटच्या नियमाप्रमाणे, पिपचा रोजच्या जगण्याचा भाग (डेली लिव्हिंग) मिळणाऱ्या माणसाची आठवड्याला किमान ३५ तास देखभाल करणाऱ्यावर नोकरीसंबंधी कोणतीच अट नसते. मुलाखतीचीही नाही. गंमत बघा, नोकरी शोधायचे तास ३५ आणि देखभालीचे तासही ३५. तुम्ही आठवडा आधीच भरून काढताय, फक्त तो चुकीच्या रकान्यात पडलाय. मिस्टरांना पिपमध्ये नेमका कोणता भाग मिळतो ते मात्र निकालाच्या पत्रात बघून घ्या. फक्त हिंडण्या-फिरण्याचा भाग मिळत असेल, तर हा हिशेब लागू होत नाही.

नवऱ्याचं करायचे पैसे कसले मागायचे, हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. हा विचार फक्त सांगलीचा नाही, ब्रिटिश सरकारचाही होता. घरी राहून आजाऱ्याची देखभाल करणाऱ्यांसाठी इथे १९७६ साली भत्ता सुरू झाला, तेव्हा त्याचं नाव इन्व्हॅलिड केअर अलाउन्स होतं. पुरुषांना मिळे, अविवाहित बाईला मिळे, लग्न झालेल्या बाईला नाही. ती काय, एरवीही घरीच असणार. जॅकलिन ड्रेक नावाच्या विवाहित बाईने अपंग आईला सांभाळायला १९८४ मध्ये नोकरी सोडली आणि या नियमाविरुद्ध ती थेट युरोपीय न्यायालयापर्यंत गेली. जून १९८६ मध्ये न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, आणि निकालाच्या तोंडावर सरकारने स्वतःच नियम बदलत असल्याचं जाहीर केलं. आज ज्याला केअरर्स अलाउन्स म्हणतात तो हाच भत्ता. तेव्हा नोंद करताना तुम्हाला जी लाज वाटतेय, ती एका रद्द झालेल्या नियमाची आहे, असं मी म्हणेन. तुम्ही शाळेतला पगार सोडून हे काम करताय. याच कामाला बाहेरून माणूस आणला असता, तर त्याने तासाचे पैसे घेतले असते आणि तुम्ही ते बिनतक्रार दिले असते.

तर आजच जर्नलमध्ये परिस्थितीतला बदल म्हणून नोंदवा: मी पतीची आठवड्याला ३५ तासांहून जास्त देखभाल करते, त्यांना अमुक तारखेपासून पिपचा डेली लिव्हिंग भाग मिळतो, माझ्यावरच्या नोकरी शोधण्याच्या अटी काढाव्यात आणि केअरर म्हणून वाढीव रक्कम धरावी. एवढं पुरे. स्ट्रोकची कहाणी लिहीत बसू नका. उशीर मात्र करू नका, कारण न कळवलेल्या मागच्या महिन्यांचे पैसे युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये सहसा मिळत नाहीत. केअररची वाढीव रक्कम २०२५-२६ मध्ये महिन्याला २०१.६८ पौंड होती. आकडे दर एप्रिलमध्ये बदलतात. मिस्टरांना पुढे त्यांची वाढीव रक्कम मंजूर झाली तरी तुमची केअररची रक्कम जात नाही. त्या दोन्ही एकाच माणसाला मिळत नाहीत, पण नवऱ्याला एक आणि बायकोला दुसरी असं चालतं.

मग केअरर्स अलाउन्सचा वेगळा अर्जही करायचा का? इथे मी मैत्रिणीपेक्षा थोडं वेगळं सांगेन. हा भत्ता २०२५-२६ मध्ये आठवड्याला ८३.३० पौंड होता, पण युनिव्हर्सल क्रेडिट मिळत असेल तर त्यातून पौंडाला पौंड वजा होतो. म्हणजे हातात जवळपास काहीच वाढत नाही आणि कमाईची एक धारदार मर्यादा मात्र गळ्यात पडते. २०२५-२६ मध्ये ती आठवड्याला १९६ पौंड होती. कर वगैरे वजा जाता त्याच्यावर एक पौंड गेला, तरी त्या आठवड्याचा अख्खा भत्ता जातो. या एका पौंडापायी इथल्या हजारो केअररांच्या मागे वसुलीचं शुक्लकाष्ठ लागलं. युनिव्हर्सल क्रेडिटमधल्या केअररच्या रकमेला अशी मर्यादा नाही, आणि ती घ्यायला वेगळा भत्ता घेतलेला असावा लागतो असंही नाही. तुमच्या घरात तरी मी आधी जर्नलमधली नोंद करीन आणि भत्त्याचा निर्णय सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसमध्ये (मोफत सल्ला देणारी संस्था) बसून, कॅल्क्युलेटर समोर ठेवून घेईन. भत्ता तीन महिने मागच्या तारखेपासून मागता येतो, त्यामुळे तेवढी सवड आहे.

याला एक अपवाद आहे, आणि तो तुमच्या सांगलीच्या फ्लॅटमध्ये दडलाय. तुम्ही विचारलं नाहीत, पण फ्लॅट कुणाच्या नावावर आहे? युनिव्हर्सल क्रेडिट मिळकत बघून देतात. १६,००० पौंडांच्या वर ठेवी-मालमत्ता असेल तर ते मिळत नाही, आणि त्यात भारतातलं दुसरं घरही धरतात. गावाकडचं कोण विचारतंय, या भरवशावर आपल्यातले अनेकजण राहतात आणि चार वर्षांनी जबर वसुलीचं पत्र येतं. फ्लॅट सासूबाईंच्या नावावर असेल तर प्रश्न नाही. मिस्टरांच्या नावावर असेल आणि सासूबाईंचं वय इथल्या पेन्शनच्या वयापेक्षा जास्त असेल, तर जवळचं वृद्ध नातेवाईक ज्या घरात राहतं ते घर हिशेबात न धरण्याची तरतूद आहे. ती तुम्हाला लागू होते का, हे सल्लागाराकडून तपासून घ्या आणि घर आहे हे कळवून टाका. तरतूद आहे म्हणून न सांगणं, हे चालत नाही. समजा युनिव्हर्सल क्रेडिट बसलंच नाही, तर मग केअरर्स अलाउन्स लगेच मागा. पिप आणि तो, दोन्ही मालमत्ता बघत नाहीत. मिस्टरांनी नोकरीत नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापला जाणारा सरकारी विम्याचा हप्ता) भरलाय, तेव्हा न्यू स्टाईल ई.एस.ए., म्हणजे आजारपणामुळे काम न जमणाऱ्यांसाठीचा भत्ता, बसते का तेही विचारा. तिलाही मालमत्तेची अट नाही.

आता तब्येतीबद्दल. वाढवून सांगू नका. नैतिकता क्षणभर बाजूला ठेवली तरी ते अंगाशी येतं, कारण पिपचा फॉर्म, हा फॉर्म आणि जर्नल ही सगळी एकाच खात्याकडे जातात. पण मला खरी काळजी उलट्या गोष्टीची आहे. तपासणीच्या दिवशी आपली पुरुषमंडळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, ताठ बसतात आणि विचारलं की म्हणतात, ‘मॅनेज करतो मी.’ त्या शर्टाची बटणं कुणी लावली? डाव्या हाताने दोन लागतात, तिसऱ्याला बोट घसरतं, चौथ्याला चिडचिड होते आणि मग तुम्ही लावता. फॉर्ममध्ये हेच यायला हवं. ‘कपडे घालता येतात का’ याचं उत्तर हो-नाहीमध्ये देऊ नका. सुरक्षितपणे जमतं का, नीट जमतं का, दिवसातून पुन्हा-पुन्हा जमतं का, आणि इतरांना लागतो त्याच्या किती पट वेळ लागतो, हे चार प्रश्न पिपच्या नियमांतच आहेत. या फॉर्मलाही तीच मोजपट्टी लावून उत्तरं लिहा. चांगला दिवस आणि वाईट दिवस, दोन्ही लिहा. वाईट दिवस आठवड्यात किती येतात तेही.

आणि एक विचारू का? एवढ्या लांब पत्रात मिस्टर काय म्हणतात ते कुठेच नाही. फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला, एवढीच त्यांची कृती. मुलाखतीत ‘तुम्ही’ त्यांची तब्येत सांगणार, फॉर्म मुलगी भरणार, परत जायचा विचार तुमच्या मनात. स्ट्रोक आलेल्या माणसाचं बोलणं अडखळतं म्हणून घरातले त्याची वाक्यं पूर्ण करू लागतात, प्रेमानेच करतात, आणि काही महिन्यांत तो बोलायचाच सोडतो. कदाचित त्यांना काहीतरी काम करावंसं वाटत असेल. कदाचित फॉर्ममधल्या ‘मला जमत नाही’च्या यादीवर सही करणं सहन होत नसेल. दोन्ही गोष्टी वर्क कोचला सांगण्यासारख्याच आहेत. क्षमता मर्यादित ठरूनही स्वतःहून काही शिकायला किंवा थोडं काम करायला बंदी नाही.

त्यांच्या भेटीसाठी दुभाषा मागा. दमल्यावर इंग्रजी अडतं आणि मराठी त्यातल्या त्यात सोपी जाते, असं असेल तर ती सबळ गरज आहे. दुभाषा फोनवर जोडून देतात, पैसे पडत नाहीत. मराठीच हवी असं लिहा, हिंदीवर भागवून घेऊ नका. त्याचा दुसरा फायदा असा की तुम्हाला त्यांच्या वतीने बोलावं लागणार नाही. तुम्ही शेजारी बसायला हरकत नाही. जॉबसेंटरपर्यंत जाणं कठीण असेल तर भेट फोनवर मागा. अपंग माणसासाठी अशी सोय करून देणं २०१० च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टखाली त्यांच्यावर बंधनकारक आहे, पण मागणी लेखी केलेली बरी.

मुलीला मात्र यातून मोकळं करा. चौदा वर्षांच्या पोरीने आई-बापाचं जर्नल सांभाळायचं, पैसे कापण्याच्या धमक्या आधी तिने वाचायच्या आणि मग तुम्हाला समजावून सांगायच्या, हे बरोबर नाही. कौन्सिलकडे (स्थानिक पालिकेकडे) लहान वयाच्या केअररांसाठी वेगळं मूल्यमापन असतं, शाळेच्या ऑफिसातूनही ते सुरू करता येतं. जर्नलचं काम तुम्ही शिका. बँकेचं अ‍ॅप वापरता ना? मग हेही जमेल.

भेट चुकवू नका, एवढं मात्र पथ्य पाळा. नोंद केली म्हणून भेट आपोआप रद्द होते असं नाही. जर्नलमध्ये रद्द झाल्याचं लेखी येईपर्यंत ती आहे असंच धरा. हॉस्पिटलची तारीख त्याच दिवशी असेल तर आधी कळवा आणि पत्राचा फोटो जोडा. तरीही पैसे कापले, तर एका महिन्याच्या आत फेरविचार मागायचा, त्याला मँडेटरी रिकन्सिडरेशन म्हणतात. तिथेही नकार आला तर ट्रायब्युनल आहे, त्याला फी नाही.

आय.एल.आर. असलेल्या माणसाने हक्काचे भत्ते घेतले म्हणून ती परवानगी जात नाही. अडचण येते ती माहिती दडवल्याने. पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते: अजून डिपेंडंट किंवा वर्क व्हिसावर असाल आणि व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत घ्यायला मनाई) असेल, तर पिप, केअरर्स अलाउन्स, युनिव्हर्सल क्रेडिट हे सगळे पब्लिक फंड्समध्येच मोडतात. आधी मान्यताप्राप्त इमिग्रेशन सल्लागाराला विचारा, मंडळातल्या कुणाला नव्हे. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांसाठी नावंही वेगळी आहेत: तिथे केअरर्स अलाउन्सच्या जागी केअरर सपोर्ट पेमेंट आणि पिपच्या जागी अ‍ॅडल्ट डिसेबिलिटी पेमेंट.

परत जाण्याचा निर्णय मी देऊ शकत नाही. सासूबाईंना भेटून येण्याचा विचार असेल, तर युनिव्हर्सल क्रेडिट साधारण एका महिन्यापर्यंतच्या परदेशवारीत चालू राहतं. जाण्याआधी कळवायचं, आल्यावर नव्हे.

राहिली शाळा. कमाई दिसली की सगळं बंद, हे तुमच्या बाबतीत खरं नाही. घरात मूल आहे आणि भाड्याची मदत मिळत असेल, तर २०२५-२६ मध्ये महिन्याला ४११ पौंडांपर्यंतच्या कमाईला हात लावत नसत. त्यावरच्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स युनिव्हर्सल क्रेडिट कमी होतं. समजा दोन दिवसांचे महिन्याला ६०० पौंड हातात आले. वरच्या १८९ पौंडांवर सुमारे १०४ पौंड कापले जातील आणि ४९६ तुमचे राहतील. देखभाल ३५ तासांची राहिली, तर केअरर म्हणून असलेली सूटही जात नाही. म्हणजे पैशाची अडचण नाही. अडचण आहे ती त्या दोन दिवसांत मिस्टरांसोबत कोण, ही. त्यासाठी कौन्सिलकडे तुमचं स्वतःचं केअरर मूल्यमापन मागा, २०१४ च्या केअर अ‍ॅक्टने तो हक्क दिलाय. त्यातून काही तासांचा माणूस किंवा डे सेंटर मिळू शकतं. पण त्याआधी मिस्टरांना विचारा, दुपारी चार तास ते एकटे राहायला तयार आहेत का. कदाचित त्यांना ते हवंच असेल. मग शाळेला फोन करा आणि तास कोणते, सुट्ट्यांचे पैसे मिळतात का, एप्रिल २०२४ पासून केअररांना नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळू लागलेली वर्षाला एक आठवड्याची बिनपगारी रजा त्यांच्याकडे कशी घ्यायची, हे विचारून घ्या. ‘सध्या नको’ म्हणून परवा तुम्ही फोन ठेवलात. ती जागा अजून भरली नसेल.